बिंदू, मौन आणि धम्म : विदर्भाचे चित्रकार आणि तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञानातून स्फुरलेल्या आधुनिक भारतीय चित्रांचा विषय निघाला की सय्यद हैदर रझा आणि वासुदेव संतू गायतोंडे ही दोन नावे टाळता येत नाहीत. रझांचे कलाशिक्षण नागपुरात सुरू झाले, तर गायतोंडे यांचा जन्मच नागपूरचा. त्यांच्या मागेपुढे विदर्भातली आणखी काही नावे उभी आहेत : तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे, साकोलीत जन्मलेले शंकर बळवंत पळशीकर, अकोल्याचे अंबादास आणि नागपूरचे सवी सावरकर. यांतल्या बहुतेकांनी पुढे मुंबई, दिल्ली, पॅरिस किंवा ऑस्लो गाठले. एकाच भूभागातून निघालेल्या या चित्रकारांनी तत्त्वविचाराशी जोडलेले नाते मात्र एकसारखे नाही. कोणाला बिंदू सापडला, कोणाला मौन, तर कोणाला धम्म.

पार्श्वभूमी

चित्राने तत्त्वज्ञान सांगावे ही कल्पना भारतात जुनी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा आहेत, जैन पोथ्यांत विश्वरचनेचे नकाशे आहेत, तांत्रिक परंपरेत यंत्रे आहेत. यांतले यंत्र इतर दोहोंपेक्षा वेगळे पडते. जातकाचे चित्र गोष्ट सांगते आणि पोथीतला नकाशा माहिती देतो. यंत्र समोर ठेवून मन एकाग्र करायचे असते. विसाव्या शतकातल्या चित्रकारांना या तिसऱ्या प्रकाराचे आकर्षण अधिक वाटले.

युरोपातही याच सुमारास चित्रकार अध्यात्माकडे वळले होते. थिऑसफी या गूढवादी विचारधारेचा परिणाम झालेल्या वासिली कँडिन्स्की यांनी १९११ मध्ये कलेतील आध्यात्मिकतेवर पुस्तक प्रसिद्ध केले. पीट मोंद्रियान तर थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासदच होते. ओळखू येणारी वस्तू चित्रातून काढून टाकली तरी चित्र उरते, आणि जे उरते ते मनाच्या अधिक जवळचे असते, असा या मंडळींचा दावा होता. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने भरवलेल्या प्रदर्शनात जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेच्या कलावंतांची चित्रे आली. त्यांत कँडिन्स्की आणि पॉल क्ले यांची कामे होती. भारतात भरलेले हे अशा प्रकारचे पहिले मोठे समूह प्रदर्शन. रझांचा जन्म त्याच वर्षीचा, २२ फेब्रुवारी १९२२चा.

नागपूर त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होते. मध्य प्रांताची स्थापना १८६१ची; वऱ्हाड त्याला १९०३ मध्ये जोडले गेले. राजधानीमुळे सचिवालय आले, न्यायालय आले, १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय आले. हेच संग्रहालय नागपूरकरांच्या तोंडी आजही ‘अजब बंगला’ आहे. मंडला, दमोह, जबलपूर, अमरावती, अकोला या भागांतल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी नागपूर हे जवळचे मोठे शहर होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षणही तिथे मिळत होते. हिंदी आणि मराठी मुलखातली मुले एका वर्गात आली ती या प्रांतरचनेमुळे.

मंडल्याचा मुलगा नागपुरात

रझांचा जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या गावचा. वडील वनखात्यात नोकरीला असल्याने बालपण जंगलाच्या कडेने गेले. काकैया गावच्या प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष कशातच लागत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या शिक्षकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला, मुलाला समोर बसवले आणि फक्त त्या ठिपक्याकडे पाहत राहायला सांगितले. रझांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. त्यांच्या चित्रांतल्या ‘बिंदू’चे मूळ ते याच भिंतीवर दाखवत. शिक्षकांनी त्या वेळी मुलाला कोणताही सिद्धांत शिकवला नव्हता. भिरभिरणारी नजर एका जागी थांबवायचा साधा सराव दिला होता.

दमोहला शालेय शिक्षण झाल्यावर १९३९ ते १९४३ अशी चार वर्षे रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. तिथे बापूराव आठवले हे त्यांचे शिक्षक. रेखाटनाचा हात तयार झाला तो इथे. त्यानंतर ते मुंबईला गेले. पोटासाठी त्यांनी छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत नोकरी धरली आणि जे.जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. या काळातल्या त्यांच्या चित्रांत मुंबईचे रस्ते, पावसाळी घाट आणि गावे आहेत. तत्त्वज्ञानाचा मागमूसही नाही.

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे असे हे सहा जण. सहांपैकी रझा आणि गाडे हे दोघे नागपूरच्या कलाशाळेशी संबंधित होते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला १९१७ मध्ये जन्मलेल्या गाडे यांनी निसर्गदृश्याची मांडणी भूमितीच्या अंगाने केली. त्यांच्या चित्रांत घरे आणि टेकड्या घन आकारांत बसवलेल्या दिसतात. ग्रुपचे प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केले. या सहा जणांना जोडणारे तत्त्वज्ञान कोणते, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कलाशाळेतला ब्रिटिश वळणाचा वास्तववाद नको आणि बंगाली पुनरुज्जीवनाची हळवी शैलीही नको, एवढ्यावर त्यांचे एकमत होते. नकारावर उभा राहिलेला हा गट १९५६ मध्ये विसर्जित झाला.

गायतोंडे : रोलर, सुरी आणि वर्तमानपत्राचे तुकडे

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात गोमंतकीय कुटुंबात झाला. त्यांचे वाढणे मात्र गोव्यात आणि मुंबईच्या गिरगावात झाले. जे.जे.ची पदविका १९४८ची; १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये आले. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांवर जैन व बसोहली लघुचित्रांची छाप आहे, मग पॉल क्ले यांची. पुढे मनुष्याकृती विरघळत गेल्या आणि पन्नाशीच्या दशकाअखेर चित्रात ओळखू येईल अशी वस्तू उरली नाही. १९५७ मध्ये टोकियोत भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या समूह प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले.

याच सुमारास त्यांचे झेन विचाराचे वाचन वाढले. रमण महर्षींचा विचार आणि मुंबईच्या खेतवाडीत निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांचा प्रभावही अभ्यासक नोंदवतात. निसर्गदत्त महाराजांचे पूर्वाश्रमीचे नाव मारुती शिवरामपंत कांबळी. विड्यांचे दुकान चालवणारा हा गृहस्थ आपल्या घरच्या माळ्यावर जमलेल्या माणसांशी मराठीत बोलत असे आणि ‘मी आहे’ एवढ्या जाणिवेपाशी थांबायला सांगत असे. १९६४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तिथे अमेरिकी अमूर्त चित्रकला त्यांनी जवळून पाहिली.

त्यांच्या कामाची रीत पाहिली की तत्त्वज्ञान चित्रात कसे उतरते ते कळते. कॅनव्हासवर ते रोलरने रंगाचा पातळ थर देत. तो वाळला की दुसरा थर, त्यावर तिसरा. मध्येच सपाट सुरीने रंग खरवडून खालचा थर उघडा करत. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाटके तुकडे रंगात बुडवून ओल्या पृष्ठभागावर दाबत आणि उचलून घेत. तुकडा उचलला की मागे उमटे तो कुठल्याही लिपीत न बसणाऱ्या अक्षरासारखा आकार. रंग चढवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच काढून घेणेही. दोन थरांमध्ये वाट पाहण्यात बराच वेळ जाई आणि वर्षाला पाच-सहाच चित्रे पुरी होत. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणवून घेणे त्यांना पसंत नव्हते; त्यांच्या मते ती वस्तुनिरपेक्ष होती. चित्रांना ते नावेही देत नसत. ध्यानस्थ बुद्ध, कमळ अशा चिन्हांवर त्यांची चित्रे उभी नाहीत. झेन त्यांच्या चित्रांत आला तो हाताच्या संयमातून आणि वाट पाहण्यातून.

‘ग्रुप १८९०’ आणि अकोल्याचे अंबादास

स्वातंत्र्योत्तर काळात विचाराची उघड मांडणी करून भरवलेले महत्त्वाचे समूह प्रदर्शन म्हणजे ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत भरलेले ‘ग्रुप १८९०’चे. गटाचे नाव भावनगरमधल्या ज्या घरात बैठक झाली त्याच्या घरक्रमांकावरून पडले. जगदीश स्वामिनाथन या गटाचे वैचारिक अध्वर्यू होते. बारा चित्रकारांच्या या प्रदर्शनाचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले आणि कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकोचे कवी व तत्कालीन राजदूत ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिली. गटाच्या जाहीरनाम्यात युरोपीय आधुनिकतेची नक्कल आणि भूतकाळाचे भाबडे गौरवीकरण या दोन्हींना नकार होता. चित्र हे कशाचे तरी चित्र असण्याआधी स्वतः एक वस्तू असते, अशी या गटाची धारणा होती.

बारा जणांत अंबादास होते. १९२२ मध्ये अकोल्यात जन्मलेल्या अंबादास खोब्रागडे यांनी जे.जे.मध्ये शिक्षण घेतले, विणकर सेवा केंद्रात काम केले आणि १९७२च्या सुमारास ते नॉर्वेला गेले. त्यांच्या कॅनव्हासवर पातळ, वाहते, एकमेकांत गुंतलेले फटकारे असतात. कुठे सुरुवात झाली आणि कुठे शेवट, हे सांगता येत नाही. २०१२ मध्ये त्यांचे ऑस्लोत निधन झाले. ‘ग्रुप १८९०’चे मात्र ते पहिले प्रदर्शन शेवटचेच ठरले. विचार पक्का असलेल्या गटाचेही एकत्र राहणे सोपे नसते, हे प्रोग्रेसिव्ह ग्रुपनंतर पुन्हा एकदा दिसले.

तंत्राची लाट आणि रझांचा बिंदू

साठच्या दशकात अजित मुखर्जी यांनी तांत्रिक कलावस्तूंचा मोठा संग्रह केला आणि त्यावर सचित्र ग्रंथ लिहिले. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत फिलिप रॉसन यांनी रचलेले ‘तंत्र’ हे प्रदर्शन गाजले. पूजेची यंत्रे कलादालनात चित्र म्हणून पाहण्याची सवय पाश्चात्त्य प्रेक्षकाला लागली. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात परंपरेतून स्फुरलेल्या समकालीन भारतीय चित्रांचे ‘निओ-तंत्र’ या नावाचे समूह प्रदर्शन भरले. बिरेन डे, गुलाम रसूल संतोष, के. व्ही. हरिदासन अशी नावे या प्रवाहाशी जोडली गेली. रझांनाही पुष्कळदा याच मांडवात बसवले जाते.

महाराष्ट्रात हा विचार शिकवण्याच्या पातळीवर नेला तो पळशीकरांनी. जे.जे.मध्ये शिक्षक आणि पुढे अधिष्ठाता असताना त्यांनी विद्यार्थ्यांपुढे भारतीय तत्त्वविचार आणि रंगांचे गणित एकत्र मांडले. त्या काळातल्या जे.जे.चे विद्यार्थी प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला गेले आणि तिथे तंत्राच्या प्रभावाखाली आले. काही वर्षांतच ते यंत्राकृतींपासून दूर झाले. घड्याळ, पान, टाचणी, रिकामी पेटी अशा रोजच्या वस्तूंकडे वळून त्यांनी अवकाशाचा प्रश्न नव्याने मांडला. चित्रनिर्मितीचा विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठीतून लिहून ठेवला. यंत्र रंगवणे सोडल्यावर त्यांचे चिंतन अधिक खोल गेले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. जाण्याआधी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून, भावना आहे पण बांधणी नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला आणि फ्रेंच चित्रकार सेझान यांचा अभ्यास करायला सुचवले. १९५६ मध्ये रझांना फ्रान्सचा प्री द ला क्रितिक हा मानाचा पुरस्कार मिळाला. यश मिळूनही आपल्या चित्रात आपले असे काय, हा प्रश्न त्यांना सत्तरच्या दशकात छळू लागला. भारतात फेऱ्या वाढल्या, आणि १९८०च्या सुमारास काळा गोल त्यांच्या कॅनव्हासच्या मध्यभागी येऊन बसला. पुढची तीन दशके बिंदू, पंचतत्त्वे, अंकुरण, प्रकृती-पुरुष हेच विषय राहिले. देवनागरी शब्दही चित्रात आले. रझांचा बिंदू टिकला तो बांधणीमुळे. भोवतीचे त्रिकोण, चौकोन आणि रंगांच्या पट्ट्या काढून घेतल्या तर तो नुसता काळा ठिपका उरतो. बिंदू काकैयाच्या भिंतीवरचा आणि बांधणी पॅरिसची. मधली रेखाटनाची वर्षे नागपूरची.

दीक्षाभूमी आणि दुसरा प्रवाह

इथवरची कथा एकट्या माणसाच्या एकाग्रतेची आहे. नागपुरात तत्त्वज्ञानाने लाखो माणसांना एकाच दिवशी हलवले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्या अशोक विजयादशमीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि उपस्थित जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. शहराचा प्रशासकीय मान ओसरला आणि अवघ्या अठरा दिवसांपूर्वीच त्याला वेगळी ओळख मिळाली होती. दीक्षाभूमीवर पुढे वास्तुविशारद शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार स्तूप उभा राहिला. त्याचा अर्धगोल घुमट १२० फूट उंचीचा असून १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ. आत माणसे बसू शकतात. वास्तूच्या या एका बदलात आंबेडकरी धम्माचा समाजाभिमुख रोख दिसतो.

दीक्षेने चित्रांचे एक वेगळेच जग निर्माण केले. निळा कोट घातलेले बाबासाहेब, बुद्ध, धम्मचक्र, पंचशील ध्वज या प्रतिमा घराघरांत पोहोचल्या. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी तसबिरी, मूर्ती आणि दिनदर्शिका मांडलेल्या असतात. कलादालनाची पायरी न चढलेल्या माणसाच्या घरातही त्यामुळे तत्त्वविचाराचे चित्र आहे.

या जगातून कलाशाळेत आणि तिथून दालनात गेलेले चित्रकार म्हणजे सवी सावरकर. १९६१ मध्ये नागपुरात जन्मलेल्या सावरकरांनी नागपूर आणि बडोदा येथे शिक्षण घेतले, मुद्राचित्रणात प्रावीण्य मिळवले आणि दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापन केले. गळ्यात मडके आणि कमरेला खराटा बांधलेला अस्पृश्य, देवदासी, मनू, बुद्ध आणि आंबेडकर त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतात. जाड, खरबरीत रेषा आणि मोजके भडक रंग ही त्यांची भाषा. गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर प्रेक्षक गप्प होतो. सावरकरांच्या चित्रासमोर त्याला जाब द्यावा लागतो. दोघांच्याही मागे बुद्धाचा विचार आहे. एकाकडे तो जपानमार्गे झेन होऊन आला, दुसऱ्याकडे दीक्षाभूमीवरून.

समूह प्रदर्शनाची अडचण

तत्त्वज्ञानावर बेतलेले समूह प्रदर्शन रचताना क्युरेटरपुढे एक पेच येतो. ‘शून्य’, ‘मौन’, ‘ऊर्जा’ असा एक शब्द घेऊन चित्रे निवडली की बिंदू, मौन आणि धम्म एकाच भिंतीवर येतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. भिंतीवरचा मजकूर लांबतो, प्रेक्षक तो वाचण्यात रमतो आणि चित्राला शब्दाचा दाखला एवढेच काम उरते. दालने एकेका रीतीनुसार लावली, अपुरी चित्रे, वह्या, हत्यारे मांडली, तर विचार चित्रात कसा शिरला ते डोळ्यांना दिसू शकते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये गायतोंडे यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले तेव्हा त्याच्या शीर्षकात चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जगणे, असे दोनच मुद्दे होते. न्यूयॉर्कच्याच एशिया सोसायटीने २०१८ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपवर समूह प्रदर्शन केले. 

दरम्यान बाजारानेही आपला निवाडा दिला. रझांचे ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले आणि गायतोंडे यांचे १९७९चे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत सुमारे २३.७ कोटी रुपयांना. या आकड्यांनी नावे घरोघरी नेली, पण चित्रे बहुतांशी खासगी संग्रहांत गेली.

या सगळ्या वाटचालीतून एक निष्कर्ष निघतो. सिद्धांत विषय म्हणून रंगवला की चित्र पोथीतल्या आकृतीसारखे होते. तोच सिद्धांत काम करण्याची किंवा जगण्याची रीत बनला की चित्राला स्वतःचे बळ येते. रझांचा सराव, गायतोंडे यांची प्रतीक्षा, बरवे यांचा यंत्रत्याग आणि सावरकरांचा जाब यांतून हे वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध झाले.

गायतोंडे यांचे १० ऑगस्ट २००१ रोजी निधन झाले. रझा साठ वर्षे फ्रान्समध्ये राहून २०१० च्या अखेरीस भारतात परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी करण्यात आले.